फक्त तिथी सांगा

येलहंक्याच्या व्यंकोजी अण्णांना बेंगळुरूतल्या कितीतरी मराठी घरांतली गेलेली माणसं तोंडपाठ होती. कुणाच्या आजोबांची तिथी कोणती, कुणाच्या काकूंची कोणती, हे ते पंचांग न उघडता सांगायचे आणि तिथीच्या आधी त्या घरी आठवणीनं फोन करायचे. "परवा तुझ्या अप्पांची तिथी रे. विसरू नको." एवढ्यावर थांबले असते तर ते अण्णा कसले? अप्पांना वांगं चालत नसे, अप्पा एकदा सायकलवरून पडले आणि उठल्यावर आधी सायकलला कुठं लागलंय ते बघत बसले, असं सगळं निघायचं. बायका फोन ओट्यावर ठेवून, पोळ्या लाटत ऐकायच्या. ज्यांनी अप्पांना पाहिलंही नव्हतं अशा सुनांनासुद्धा ती सायकल माहीत होती.

अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मराठी मंडळाच्या बैठकीत कुणीतरी त्यांच्या देखतच विचारलं, "अण्णांनंतर काय?" तेव्हा शंतनु देवस्थळी म्हणाला, "मी सगळं कॉम्प्युटरवर आणतो." शंतनु पुण्याहून नोकरीसाठी आलेला, सर्जापूर रोडला राहणारा. त्याचा हेतू चांगला होता, तेवढं तरी त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

पुढचे कित्येक दिवस तो नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर निवडत होता. एकात फोटो लावता येत, पण मराठीत शोधता येत नसे. दुसरं फोनवर चाले, लॅपटॉपवर रुसे. शेवटी दोन उरली. एकात नुसतं कोरं पान होतं, हवं ते लिहा. दुसऱ्यात रकाने होते: नाव, नातं, तिथी, फोन, शेरा. रकान्यांचं सॉफ्टवेअर तिथी जवळ आली की आपोआप संदेशही पाठवायचं.

"हे सगळं तुलना करून लिहिलंयस ते कशात लिहिलंयस?" त्याच्या बायकोनं, मैत्रेयीनं विचारलं.

"वहीत."

ती हसली. मग म्हणाली, "कोऱ्या पानाचं घे. अण्णा बोलतात त्यातलं निम्मं तुझ्या रकान्यांत बसायचं नाही."

"त्यातलं निम्मं नकोच आहे," शंतनु म्हणाला, आणि त्यानं रकान्यांचं घेतलं.

मग दर रविवारी तो येलहंक्याला जाऊ लागला. अण्णा सोफ्यावर, हा समोर लॅपटॉप मांडीवर घेऊन. अण्णांच्या पत्नी भाग्यलक्ष्मी अक्का कॉफी आणून द्यायच्या आणि त्याही ऐकत बसायच्या. अण्णा एक नाव घेऊन सुरू झाले की शंतनु म्हणे, "अण्णा, फक्त तिथी सांगा." पहिल्यांदा त्यांना ते समजलंच नाही. मग समजलं आणि ते कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून तिथी सांगून गप्प बसू लागले. शेऱ्याचा रकाना वापरात नाही म्हणून शंतनुनं तो लपवून टाकला.

एकदा त्याच्याच आईचं नाव आलं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती.

"नीलिमाताई," अण्णा म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला. "तुमच्याकडे राहायला आल्या होत्या ना, तेव्हा मंडळात मला बाजूला घेऊन तुझ्याबद्दल काय म्हणाल्या, ठाऊक आहे?"

"अण्णा, आईचं मला माहीत आहे. फक्त तिथी."

"सरी," अण्णा म्हणाले. "माघ वद्य पंचमी."

काम सुरेख झालं. घराघरांत वेळेवर संदेश जाऊ लागले. मंडळानं शंतनुला शाल दिली. टाळ्या वाजवणाऱ्यांत अण्णा पुढच्या रांगेत होते.

माघात एका संध्याकाळी पुण्याहून त्याच्या वडिलांचा फोन आला. "आज आईचं पान वाढलंस ना रे?"

शंतनु ऑफिसातून नुकताच आला होता. "हो बाबा," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की मैत्रेयीकडे बघवेना. संदेश आला होता. परवा मीटिंग चालू असताना आला, आणि कर्जाच्या, सेलच्या संदेशांबरोबर त्यानं तोही अंगठ्यानं पुसून टाकला होता. संदेशातला मजकूर त्यानंच तर लिहिला होता. दरवर्षी अण्णांचा फोन यायचा. तो "हो हो अण्णा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवूनही द्यायचा, पण विसरायचा मात्र नाही.

रविवारी तो लॅपटॉप पाठीला लावून येलहंक्याला गेला. दार अक्कांनी उघडलं. "बरं झालं आलास," त्या हळूच म्हणाल्या. "फोनजवळच बसतात रे. कुणाचा येत नाही, आणि हेही करत नाहीत. म्हणतात, आता त्यांना संदेश जातो, मी कशाला डोकं खाऊ?"

अण्णांनी त्याला जवळ बसवलं. शंतनुनं सरळ सांगून टाकलं, "अण्णा, मी यंदा आईची तिथी विसरलो."

"संदेश गेला नाही?"

"आला होता."

अण्णा रागावले असते तर शंतनुला बरं वाटलं असतं.

"अण्णा, आई तुम्हाला बाजूला घेऊन काय म्हणाली होती? माझ्याबद्दल?"

अण्णांनी मान वर केली. "म्हणाल्या होत्या. स्वल्प थांब हं." ते खिडकीकडे बघत राहिले. कॉफी आली, तिच्यावर साय धरली. "आम्ही दोघं हसलो होतो, एवढं आहे बघ डोळ्यांसमोर. पुढचं येत नाही. रोज कुणाला ना कुणाला सांगत होतो ना, तेव्हा एकामागून दुसरं आपोआप यायचं. आता सांगावंच लागत नाही."

"असू दे अण्णा."

"असू दे काय? तेव्हा मी सांगत होतो आणि तू टाइप करत होतास की. त्यात असेल. काढ बघू."

शंतनुला नाही म्हणता आलं नाही. त्यानं लॅपटॉप उघडला. आईचं नाव काढलं, लपवलेला शेऱ्याचा रकाना पुन्हा समोर आणला. तो कोरा होता. वरपासून खालपर्यंत, सगळ्यांचाच.

"सापडलं?" अण्णा म्हणाले आणि चष्मा पुसून त्याच्या शेजारी सरकले. "मोठ्यानं वाच. अक्कालाही ऐकू दे."