काजळीखालचं लखलख

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे; पण मला ना गल्ली, ना घरक्रमांक. इंटरनेटवर लोक ‘लखलख’ एवढंच लिहायचे आणि थेट कसबा पेठेतल्या मकबूलचाचांच्या कल्हईच्या दुकानाशी पोहोचायचे.

मला नोंदवलं चाचांच्या लेकीने, अफशीनने. नाव मात्र चाचांचं. तापल्या पातेल्यात कथील फिरून चकाकी आली, की त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं, “लखलख!” तेच माझं बारसं. पुढे दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक भांड्याच्या तळाशी ते मला ठोकून कोरू लागले. सणावाराच्या आधी लांबलांबची माणसं मला शोधत यायची. मी मनोमन देवाला हात जोडायचो.

मग भांडी घासायच्या पावडरीची एक कंपनी निघाली. तिचंही नाव लखलख. तिला मी हवा होतो. तिने लवादाकडे, म्हणजे अशा तंट्यांसाठी नेमलेल्या पंचाकडे, दावा लावला. पंचाचं इंग्रजी पत्र चाचांच्या मेलवर आलं.

“अब्बा, हात लावू नका,” अफशीन म्हणाली. “असल्या पत्रांनी लोकांची खाती रिकामी होतात.”

त्या भल्या माणसाने लेकीचं ऐकलं. पुढची पत्रंही तशीच पडून राहिली. उत्तर येईना, तेव्हा पंचाने मला कंपनीच्या हवाली केलं. शेजारचे दुकानदार म्हणाले, नाव गेलंच आहे, तर आता पावडर तरी फुकट मागून घ्या.

चाचा निवाड्याविरुद्ध कोर्टात निघाले. पुरावा म्हणून माझी अक्षरं असलेली कळशी घेतली. वकील चैतालीताईंनी ती पाहिली आणि हलकेच खाली ठेवली.

“चाचा, नाव आधी कुणाचं, हे कोर्ट नव्याने तपासणार नाही. पंचाने तुम्हाला विचारलं होतं का, एवढंच पाहील.”

चाचांनी कळशी पुन्हा जवळ ओढली. “विचारलं होतं,” ते म्हणाले. “आम्हीच दार उघडलं नाही.”

तरीही कोर्टात केलेला अर्ज फेटाळला गेला. चाचांनी लेकीला एका शब्दानेही बोल लावला नाही. म्हणूनच ती जास्त रडली.

आता मला हाक मारली, की पावडरीचा डबा दिसतो. मित्रांनो, अनोळखी पत्राला जपून असावं, पण टाकून देण्याआधी ते कुणा जाणत्याला एकदा दाखवावं. ज्या नावाने घरात अन्न येतं, त्याला असं एकटं सोडू नका.

परवा एक बाई विचारत विचारत जुनं पातेलं घेऊन आल्या. त्याच्या तळाशी, काजळीखाली, मी होतो. चाचांनी ते आतून चकचकीत केलं, पण तोंडून तो शब्द निघाला नाही. मग पालथं घालून ते तळ घासू लागले. माझ्यापाशी हात थांबला. तेवढी काजळी त्यांनी तशीच राहू दिली.