झाकणावरचं कुंकू

मी ट्रॅक्टर बोलतोय. शेतात नांगर ओढणारे ते माझे थोरले भाऊ, त्यांची सर मला नाही. मी बागेतला, हिरवळ कापणारा, बसक्या अंगाचा. पोटाखाली पाती, पुढे इंजिन आणि स्टिअरिंगच्या पुढ्यात पेट्रोलची टाकी. टाकीवर एक गोल झाकण. ते झाकण तेवढं लक्षात ठेवा, माझ्या जन्माचं मातेरं त्याच्यापायीच झालं.

परदेशी माल यायला मोकळीक मिळाली, तेव्हा एका बड्या कंपनीने मला बोटीने मागवलं. साहेबलोकांच्या बंगल्यांभोवतीचं गवत कापत माझं तरुणपण सुखात गेलं. पुढे कंपनीला माझ्याहून चकचकीत यंत्र मिळालं आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला उचललं दिगंबरशेठनी. गृहस्थ मूळचे बुधवार पेठेतले, पण हडपसरला नर्सरी काढून बसलेले. आजूबाजूची भाजीची रानं जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीला पायाशी हिरवळ हवी होती. अशा एका आयटी पार्कचं कंत्राट शेठनी मिळवलं आणि मला कामाला जुंपलं.

शेठचा स्वभाव सांगतो. जे चालत नाही त्याला मारायचं. पंप अडला, घाल लाथ. कुलूप उघडेना, घाल दगड. माझ्या बॉनेटवर पहिल्याच आठवड्यात पोचा आला. माझ्या सीटखाली एक स्विच होता. माणूस उतरला की मी आपोआप बंद पडायचो, पात्यात कुणाचा हातपाय जाऊ नये म्हणून केलेली सोय होती ती. शेठना मला पुन्हापुन्हा चालू करायचा कंटाळा. त्यांनी स्विचच्या वायरी पिळून एकमेकींना जोडून टाकल्या.

"मला शहाणपण शिकवतंय, भंगारातलं धूड!" म्हणाले.

मला चालवायचा दशरथ. मांजरीकडच्या वस्तीतला, कमी बोलणारा माणूस. सकाळी मला पुसायचा, तेल बघायचा, पात्यांत अडकलेलं गवत हाताने काढायचा. साऱ्या नर्सरीवाल्यांत त्याचं नाव होतं. दशरथच्या हाती मशीन द्या आणि घरी जाऊन झोपा, असं लोक म्हणायचे. त्या नावाशिवाय त्याच्याकडे दुसरी मिळकत नव्हती, आणि त्याला ती पुरेशी वाटत असे.

खंडेनवमीला नर्सरीत हत्यारांची पूजा व्हायची. कुदळी, खुरपी, कात्र्या आणि सगळ्यांत शेवटी मी. पहिल्याच वर्षी शेठनी ताट दशरथच्या हातात दिलं. त्याने ते हलकेच खाली ठेवलं.

"शेठ, आमच्या घरात बौद्ध दीक्षेपासून पूजा न्हाय. मी त्याला धुतो, पुसतो. टिळा तुमी लावा."

"वा! म्हणजे मशीन तुझं पोट भरणार आणि तू त्याला नमस्कारही नाही करणार," शेठ म्हणाले. ते त्यांच्या मनात रुतून बसलं.

टिळा लावला मंदाकिनीबाईंनी, शेठच्या पत्नीने. बाई मायाळू. माझं कपाळ कुठलं, हे त्यांनी शोधलं आणि टाकीवरचं ते गोल झाकण त्यांना कपाळासारखं दिसलं. तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने दाबून त्यांनी तिथे भरघोस टिळा लावला. दर वर्षी तिथेच. वर्षाचं कुंकू वर्षावर चढत गेलं.

आता त्या झाकणाला मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, हे कुणाला ठाऊक? ते माझं नाक. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत यावी लागते. ती आली नाही की पेट्रोलची धार तुटते. मग इंजिन उपाशी पडतं, धाप लागून खाली बसतं, घोटभर मिळालं की किंचाळत वर जातं, पुन्हा बसतं. एका दसऱ्यानंतर ते भोक पुरतं बुजलं आणि मी असा वरखाली करू लागलो. गळा दाबलेला माणूस शांतपणे बोलत नाही, तसंच माझं झालं.

शेठनी मला मेकॅनिककडे नेलं, यज्ञेश्वरकडे. त्याने टाकी काढून बाजूला ठेवली, त्याच्या रिवाजाप्रमाणे पेट्रोलची बाटली वर टांगली, कार्बोरेटर धुतला आणि मला चालू केलं. बाटलीचं तोंड उघडं होतं. मी असा चाललो, जणू कालच बोटीतून उतरलोय.

"यंत्र ठणठणीत आहे, शेठ. चालवणाऱ्याचा हात बघा," यज्ञेश्वर म्हणाला. त्या एका वाक्याने दशरथचा घात केला.

आयटी पार्कात परत आलो, टाकी बसवलेली, झाकण घट्ट. थोडा वेळ चाललो आणि पुन्हा गुदमरलो. दशरथने पेट्रोल संपलं का म्हणून झाकण उघडलं. हवा आत गेली, मी सुधारलो. झाकण लागलं, मी पुन्हा आचके देऊ लागलो. असं चाललं असताना शेठ येऊन उभे राहिले. परदेशातले पाहुणे येणार होते आणि हिरवळ अर्धी दाढी केल्यासारखी पडली होती.

"सारखं झाकण कशाला उघडतोस रे? पेट्रोल काढतोस?"

"न्हाय शेठ. झाकण उघडलं की बरा चालतोय त्यो. का, ते कळंना."

"तुला कळतंय सगळं. पूजेच्या दिवशीच कळलं होतं मला, तुझ्या मनात काय आहे ते!"

माझ्या पात्यांचा जुना रबरी पट्टा सीटमागे अडकवलेला असे. शेठनी तो ओढून काढला आणि दशरथच्या पाठीवर घातला. दशरथ माझ्यावरून खाली पडला. दुसरा फटका मानेवर बसला, तिसरा तोंडावर. ओठ फुटून रक्त शर्टावर आलं. काचेपलीकडे हातात कॉफी घेतलेली माणसं उभी होती, गळ्यात ओळखपत्रं लटकवून. काचा चांगल्या होत्या त्यांच्या, आतून सगळं स्वच्छ दिसायचं. बाहेर कुणी आलं नाही. आणि तो पट्टा माझ्याच अंगातला होता, ही लाज मला अजून जाळते.

यापुढे मी दिगंबरला अहोजाहो करणार नाही.

"बघ, कसा चालवायचा ते!" म्हणत तो माझ्यावर बसला. दशरथने झाकण नुकतंच उघडून लावलं होतं, म्हणून मी सुरळीत निघालो. त्याची छाती फुगली. एक फेरी झाली, दुसरी होईना. उंच गवतात मी धापा टाकत अडलो. दिगंबर गिअर तसाच ठेवून, पाती तशीच फिरती ठेवून खाली उतरला. सीटखालचा स्विच शाबूत असता तर मी तिथेच बंद पडलो असतो. हातात मोठा पाना घेऊन तो समोर आला आणि माझ्यावर तुटून पडला. बॉनेट चेपलं. दिवा फुटला. टाकीवर घाव बसला, पुन्हा बसला, आणि झाकण उडून गवतात जाऊन पडलं.

हवा आत आली. सगळी एकदम आली. माझा उपासमारीचा सगळा संताप एका क्षणात इंजिनात उतरला आणि मी पुढे झेपावलो. दिगंबर मागे सरकताना ओल्या गवतावर घसरला, त्याचा उजवा हात माझ्या पोटाखाली गेला. हाडावर पातं आपटल्याचा आवाज मी दगडाच्या आवाजाहून वेगळा ओळखतो. तो ऐकू नये असा असतो.

दशरथ धावला. ज्याने आत्ता फोडून काढलं होतं, त्याच्यासाठी धावला. त्याने चालत्या इंजिनात हात घालून प्लगची वायर उपटली. झटक्याने तो मागे फेकला गेला, पण मी थांबलो. दिगंबरची दोन बोटं गवतात राहिली. अंगठा आणि बाकीचा माणूस वाचला.

वाचलेल्या माणसाने दवाखान्यातल्या खाटेवरून पहिलं काय सांगितलं? "दशरथनेच मशीनमध्ये काहीतरी केलं होतं." साऱ्या नर्सरीवाल्यांनी ते मान डोलावत ऐकलं. दशरथला कामावरून काढलं, आणि दुसऱ्या कुणी ठेवलं नाही. जाताना तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. पाठ अजून ताठ होत नव्हती.

"मी काय बी केलं न्हाय रे," तो मला म्हणाला. मलाच म्हणाला, कारण ऐकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि मला तोंड नव्हतं.

माझ्या अंगावरचं रक्त मंदाकिनीबाईंनी धुतलं. झाकणही त्यांनीच गवतातून शोधून आणलं. नळाखाली घासताना कुंकवाचा थर निघाला आणि त्यांना ते भोक दिसलं. पदराची पिन काढून त्यांनी टोचली. आतून लालभडक गोळी निघाली, कडक, जुनी. बाईंनी नळ बंदही केला नाही. तशाच उठून झाकण घेऊन नवऱ्याकडे गेल्या.

"अहो, दशरथचा काही दोष नव्हता. माझ्या कुंकवाने याचं भोक बुजलं होतं. त्याला बोलवा, चार माणसांत सांगा."

दिगंबरने झाकण डाव्या हातात घेऊन ते भोक पाहिलं. "म्हणजे तो खरा आणि मी माझी बोटं घालवून खोटा? पुन्हा हा विषय काढलास तर याद राख."

यज्ञेश्वरने माझा पोचा काढला, दिवा बदलला. सीटखालच्या वायरी मात्र तशाच आहेत.

आज खंडेनवमी. सकाळी बाईंनी टिळा माझ्या बॉनेटवर लावला, झाकण सोडून. दिगंबरने ते पाहिलं. पुढे आला, ताटात उजवा अंगठा बुडवला आणि त्या दोन बोटं नसलेल्या हाताने झाकणाच्या बरोबर मधोमध कुंकू दाबलं. दाबतच राहिला, भोक भरेपर्यंत. बाई बघत होत्या. त्यालाही ठाऊक होतं, त्या बघताहेत ते. मग त्याने रबरी पट्टा धुऊन सीटमागे अडकवला. त्यालाही कुंकू लावलं.

परवा माझ्यावर नवा माणूस बसणार आहे. अनंत नाव त्याचं. गरीब दिसतो, हसतो बरा. मी थोडा वेळ नीट चालेन आणि मग गुदमरेन, आणि तो बिचारा झाकण उघडून बघेल.

मंदाकिनीबाई, मला बोलता येत नाही. पण तुमच्या पदराला पिन आहे.