बी गटाचा नवरा

फुसाएचा नवरा बी रक्तगटाचा, आणि एवढं सांगितलं की जपानातल्या सान्जो गावात पुढचं सांगावं लागत नसे; रक्तगटावरून माणसाचा स्वभाव ठरतो, असं तिथे सगळेच मानत. बी म्हणजे हट्टी, आपल्याच तंद्रीतला, घरादाराची पर्वा नसलेला. एकेचाळीस वर्षं तिने याचे पुरावे गोळा केले. यासुमासा एकटाच मासे धरायला गेला, की बी. गप्प बसला, तरी बी. तिच्या आजारपणात त्याने महिनाभर स्वयंपाक केला, तो मात्र तिने कशातच धरला नाही.

आता लेक चिझुरु ज्याच्याशी लग्न करू पाहत होती, तो कुरिहाराही नेमका बी निघाला. "माझे हाल बघूनही तुला शहाणपण येत नाही?" फुसाएचं रोज हेच. शेवटी अडतीस वर्षांची ती पोर थकली. "बरं आई, रविवारी त्याला नाही म्हणून सांगते."

शुक्रवारी यासुमासाला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेलं. नर्सने त्याच्या मनगटावर पट्टी बांधली. पट्टीवर ए लिहिलं होतं.

"अहो बाई, चुकलंय. हे बी आहेत."

"दोनदा तपासलंय, आजी."

"पण लहानपणी शाळेत तपासलं होतं ह्यांचं!"

"मग शाळेत चुकलं असेल," म्हणत नर्स पुढच्या खाटेकडे गेली.

फुसाए खुर्चीत बसली. खाटेखालच्या सपाता किती नीट लावल्यात, ए गटाची माणसं टापटिपीचीच, असं तिच्या मनात आलं. सपाता नर्सने लावल्या होत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही! तिची तिलाच लाज वाटली.

बाहेर जाऊन तिने लेकीला फोन केला. "नाही म्हणू नकोस गं त्याला. तुझे बाबा बी नाहीत."

"मग ते असे का आहेत, आई?" चिझुरुने विचारलं. "जाऊ दे. कुरिहाराचं माझं मी बघते. तू नको आता."

फुसाए खाटेपाशी परतली. "अहो, एवढी वर्षं मी बोलत होते, तुम्ही कधी उलट का नाही बोललात?"

"आधी बोलायचो की. तू म्हणायचीस, बी गटवाले अशीच सारवासारव करतात. मग मलाही वाटलं, आपण तसेच असू. सोडून दिलं."

फुसाएला रडू फुटलं. त्याने सवयीने तोंड भिंतीकडे फिरवलं, जरा थांबला, आणि पुन्हा तिच्याकडे वळला.