मी, दहा लाख एक

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. किती जुनी ते विचारू नका, मला कोणी घडवलंच नाही. दोन टोकांना एकेक एक आणि मधे पाच शून्यं. इंजिनाकडून वाचा की गार्डाच्या डब्याकडून, मी तीच. म्हणून तर भैय्यालालना मी आवडले.

भैय्यालाल रायपूरच्या यार्डात तीस वर्षं मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपायचे. मग रिटायर झाले, बायको अंजनाबाई गेली, मुलगा इंद्रजीत तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. गुढ़ियारीच्या घरात हे एकटेच उरले. नात चेतना रविवारी यायची, दहा मिनिटं मोबाईल बघायची आणि जायची. ती कॉलेजात गणित शिकते. गणितातलं काही दाखवलं तर पोरगी तासभर बसेल, एवढीच त्यांची आशा.

मी मूळ संख्या आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कोणीच भागत नाही, अशी. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी मला भागून पाहायचं, की लागला निकाल. चहा झाला की रोज एक भागाकार, तोही हातानं. तीन, सात, अकरा, तेरा, सगळ्यांनी बाकी दोन ठेवली. त्यांना आनंद व्हायचा आणि मी मनात झुरायची.

एकशे एकच्या दिवशी भागाकारात खाडाखोड झाली. उद्या पुन्हा करू म्हणून त्यांनी त्याच्यावर फुली मारली. पण यार्डात फुली म्हणजे नादुरुस्त डबा, तो गाडीत धरायचा नाही. तीस वर्षांची सवय ती, कुठली सुटते! दुसऱ्या सकाळी ते सरळ एकशे तीनवर गेले.

नऊशे सत्त्याण्णवही झाला. वहीत त्यांनी ठळक लिहिलं, मूळ संख्या. जगात आपलं कोणीच नाही, हे मलाही खरं वाटलं. फार रडू आलं हो.

रविवारी त्यांनी वही चेतनापुढे ठेवली. तिनं मोबाईलवर बोटं फिरवली. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

"आजोबा, ये तो एक सौ एक से कट जाती है."

भागाकार नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. भैय्यालाल त्या फुलीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बरं झालं पोरी. तिले तरी कोणी आहे."

चेतनाला मराठी सगळं समजतं. तिनं वही हळूच आजोबांकडे सरकवली. खालून इंद्रजीतनं गाडीचा हॉर्न वाजवला आणि ती गेली.

आता मला दोन सोबती आहेत. मी खुशीत असायला हवी, पण नाही. भैय्यालाल वही मिटून बसलेत. सकाळचा भागाकारही बंद झाला.

मित्रांनो, तेलीबांध्याहून गुढ़ियारी काही लांब नाही. या कधीतरी. पुढची चूक त्यांची त्यांनाच शोधू द्या, लागले पाच महिने तर लागू द्या. तुम्ही नुसतं शेजारी बसा.