पारकर सरांचा सोलो

“खोडरबर आहे काय कोणाकडे?” सरांनी विचारले. त्यांची नजर माझ्या कागदावर होती.

मरोळच्या सोसायटीच्या सभागृहात त्या रविवारी सकाळी वर्गाला आम्ही दोघेच होतो. मी, आणि एकसष्टाव्या वर्षी सॅक्सोफोन हाती घेतलेल्या निवृत्त परिचारिका नलिनीताई. दाराजवळच्या खुर्चीत सरांच्या पत्नी कुंदाकाकू दवाखान्याची फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साडेअकराला सरांचे वरचे पुढचे दोन दात काढायचे होते. सॅक्सोफोनचे तोंड नेमके त्याच दोन दातांखाली धरावे लागते. कवळी बसवून पुढेही वाजवता येईल, असे डॉक्टर म्हणाल्या होत्या. वाजेलही, पण गेली पन्नास वर्षे जो सूर अंबादास पारकरांचा होता, तो यापुढे निघणार नव्हता. म्हणून आपली ‘पावणेआठ’ ही रचना सरांनी आज अखेरची वाजवायची आणि नलिनीताईंनी ती फोनवर ध्वनिमुद्रित करायची, असे ठरले होते.

सर घाटकोपरच्या चाळीत, मालवणकडून आलेल्या गिरणी कामगाराच्या घरी वाढले. आधी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, मग हॉटेलांतून संध्याकाळचा जॅझ, दिवसा चित्रपटगीतांची ध्वनिमुद्रणे. कितीतरी गाण्यांत दोन कडव्यांच्या मधली ती काही क्षणांची हुरहूर सरांची आहे. नाव मात्र कुठेच नाही. पुढे एकाच कीबोर्डमध्ये अख्खा वाद्यवृंद मावू लागला आणि सर शाळेत संगीत शिकवू लागले. स्वतःच्या अकरा रचना वहीतच राहिल्या. ‘पावणेआठ’ ही त्यांतली पहिली. रात्रपाळी करून वडील चाळीचा जिना चढत, ती वेळ.

या रचनेच्या मध्यावर आठ बार मोकळे आहेत. बार म्हणजे चार मात्रांचे एक घर. त्या घरांत सरांनी एकही सूर लिहिलेला नाही, नुसत्या तिरक्या रेघा. वाजवणाऱ्याने त्या क्षणी जे सुचेल ते तिथे वाजवायचे. मला हे कधीच जमले नाही. साकीनाक्याच्या विमा कचेरीत फोन उचलण्यापूर्वीही मी वाक्य मनात जुळवून घेतो. सरांच्या एका जुन्या कॅसेटवर त्यांचा या आठ घरांतला सोलो, म्हणजे एकट्याचे वादन, मला सापडला, तेव्हा तीन महिने रोज संध्याकाळी ऐकून मी तो सुरासुराने उतरवला आणि त्या आठही घरांत सुवाच्य अक्षरात भरला. आपण काही तरी वाचवत आहोत, अशी माझी समजूत होती.

“हे काय लिवलंस रे, यज्ञेश?”

“तुमचा सोलो, सर. कॅसेटवरचा. राहावा म्हणून.”

सरांनी कागद जवळ धरून तो मनाशी गुणगुणला. “बरोबर उतरवलायस. एक सूर चुकला नाय.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, “त्या दिवशी अंगात ताप होता माझ्या. म्हणून असा वाजला. आता रोज ताप आणू काय?”

नलिनीताई हसल्या. त्यांनी पर्समधून नातीचे गुलाबी खोडरबर काढून दिले.

“मोकळं ठेवलेलं रे मी ते,” सर खोडता खोडता म्हणाले. “लिहायचं विसरलो नव्हतो.”

माझे तीन महिने चुऱ्यासारखे त्यांच्या पॅन्टवर पडले. ते त्यांनी हाताने झटकले.

मग सर उभे राहिले. साथीचा दुसरा आवाज धरायला मीही माझा सॅक्सोफोन घेऊन शेजारी होतो. त्यांच्या पायाने ठेका सुरू केला आणि तो सूर आला. दमून जिना चढणारा, दारापाशी क्षणभर थांबून श्वास सावरणारा. हलत्या दातांची वेदना त्यात असेल, तर ती मला ऐकू आली नाही. सोळा बार झाले. मोकळी जागा आली. सरांनी वाद्य तोंडातून काढले आणि हनुवटीने मला खूण केली.

पायाचा ठेका चालूच होता. पहिला बार रिकामा गेला, दुसराही गेला. काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मी डोळे मिटून फुंकर घातली. काय वाजवले ते मला सांगता येणार नाही. एवढेच आठवते की पाचव्या बारात छाती रिकामी झाली आणि सूर तुटला. तरी उरलेले बार मी कसेबसे पार केले. मग सर परत आले आणि रचना शेवटापर्यंत घेऊन गेले.

“अहो, आज तरी तुम्ही वाजवायचं होतंत,” काकू म्हणाल्या. “हा काय, उद्याही वाजवेल.”

“माझा आहे की कॅसेटवर. तापातला.”

माझी मान वर होईना. सरांच्या सुराचे हे शेवटचे ध्वनिमुद्रण, आणि त्याच्या मधोमध माझे अडखळणे. मी हळूच विचारले, “ताई, मधलं कापता येईल ना?”

“येईल की.”

“कापायचं नाय,” सर म्हणाले, आणि वाद्य पुसू लागले.

दवाखान्यात अर्धा तास लागला. परतताना रिक्षात सर काकूंच्या आणि माझ्या मध्ये बसले होते. जबड्यात कापूस घट्ट दाबलेला. तासभर बोलायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मरोळ नाक्यावर रिक्षा अडकली, तेव्हा सरांनी माझ्या खिशातले पेन काढले, काकूंच्या मांडीवरच्या फाइलमधली औषधांची चिठ्ठी ओढली आणि तिच्या पाठीवर लिहिले : ‘पाचव्यात श्वास संपला. चौथ्याच्या शेवटी घे. पुढच्या रविवारी पुन्हा.’

“अहो, औषधांची चिठ्ठी ती,” काकू म्हणाल्या. “केमिस्टला द्यायचीय.”

मी ती वाचून त्यांना परत देऊ लागलो. सरांनी मध्येच घेतली, गुडघ्यावर धरली आणि ‘चौथ्याच्या’ या शब्दाखाली एक रेघ ओढली. त्यांच्या ओठांच्या कडेशी कापसाचे टोक लाल झाले होते. ते त्यांच्या ध्यानात आले नसावे. रेघ नीट उमटली नाही, म्हणून त्यांनी ती पुन्हा एकदा ओढली.