जोडीचा परवाना

देवाजी वर, मी खाली. आलापल्लीच्या डेपोत सागाचा ओंडका चिरायचा तर एक माणूस ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खालच्या खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये लांब आरा चालतो. वरच्याला वारा आणि उजेड, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. मी जरा थांबलो की वरून आवाज यायचा, "डोळे काय पुसून राह्यला बे, ओढ."

तेही मी सोसलं असतं. पण एका होळीला मोहाची चढली आणि हा हसत हसत बोलून गेला, की डेपोतल्या फळ्या त्यानेच पळवल्या होत्या आणि नाव माझ्या धाकट्या भावाचं, मनसारामचं, सांगितलं होतं. त्यापायी मनसाराम सहा महिने तुरुंगात राहिला होता. बाहेर आला तो खोकतच आला आणि आदल्या वर्षीच्या पोळ्याआधी वारला होता. होळीच्या दुसऱ्या सकाळी देवाजीला आपण काय बोललो ते आठवत नव्हतं. मी डूख धरला.

त्याच साली, पंचावन्नमध्ये, बोर्निओच्या लाकूड कंपनीचा एजंट मद्रासहून आला. त्याला आरा ओढणारे हवे होते, पण जोडीने. तिथे उतरायचा परवाना दोघांच्या नावे एकच निघणार होता. एक गळला की दुसराही घरी. देवाजी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात आला.

"उमाजी, तुयासारका खालचा माणूस मले भेटत नाई. चाल माह्यासंगं."

"चालतो भाऊ," मी म्हणालो.

चाचणीला एजंटाने गेरूच्या दोरीने ओंडक्यावर रेघ मारली. मनात आणलं असतं तर आरा वाकडा ओढून तिथेच त्याची नाचक्की केली असती. पण मग काय, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ऐटीत ओंडक्यावर चढला असता. तेवढ्याने माझं पोट भरणार नव्हतं. मी जीव ओतून ओढलं. चीर रेघेवरून हलली नाही आणि आम्ही पास झालो.

पासपोर्टासाठी चांद्याला जाऊन एकाच उसन्या कोटात दोघांनी फोटो काढले. मग चौकशीला पोलीस शिपाई आला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "या देवाजीवर कधी चोरीचा आळ?"

"देवमाणूस आहे साहेब." तोंड कडू झालं, तरी म्हणालो.

देवाजी हवेतच गेला. बैल विकले, घर विकलं, बायकोला आरमोरीला माहेरी धाडलं. गावाला तळ्यातल्या मासोळीचं जेवण घातलं आणि निघताना डेपोच्या मुकादमाला चारचौघांत शिव्या दिल्या. मी सगळं बघत होतो. मला गोड वाटत होतं.

परवाना आला. बल्लारशाला मद्रासची गाडी लागली. देवाजी नवी ट्रंक घेऊन खिडकीशी बसला. मी फलाटावर उभा राहिलो. माझे हात रिकामे आहेत हे त्याला तेव्हा दिसलं.

"चढ ना बे, गाडी सुटून राह्यली."

"मी नाई येत."

"काऊन?"

"मनसारामले विचार."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डब्याच्या दारात उभ्या एजंटालाही मी तेच सांगितलं, येत नाही म्हणून. त्याने देवाजीची ट्रंक फलाटावर काढली आणि मागोमाग देवाजीलाही उतरवलं. माझंही नशीब त्याच गाडीने गेलं. जाऊ दे. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

पुढे पोटाने देवाजीला डेपोत परत आणलं. मुकादम म्हणाला, "उमाजी जोडीले घेत असंल तर ठेवतो, नाई तर चालता हो." देवाजी माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. मी ओंडक्यावर चढलो आणि आऱ्याची वरची मूठ धरली. तो मुकाट्याने खड्ड्यात उतरला.

वर खरंच छान वारा होता. पहिल्याच ओढीला भुसा खाली गेला आणि आरा थांबला. मी वाकून पाहिलं. देवाजी डोळे पुसत होता. भुशानेच की आणखी कशाने, मला जाणून घ्यायचं नव्हतं.

"डोळे काय पुसून राह्यला बे," मी म्हणालो. "ओढ."