फरशीखालचा खळगा

मी एक खळगा बोलतोय. मला खड्डा म्हणू नका. खड्डा आपोआप पडतो, मला मात्र विचार करून खणलं होतं.

तारनाक्याच्या उतारावर नरहररावांचं घर. भूमापन खात्यातून ते निवृत्त झालेले. पावसात गच्चीचं नि वरच्या गल्लीचं पाणी त्यांच्या अंगणातून धावत खालच्या वस्तीत घुसायचं, ते त्यांना बघवेना. त्याच वस्तीतल्या चतुराबाईला त्यांनी कामाला लावलं. तिनं मला कमरेइतकं खोल खणलं, तळाशी वाळू पसरली, कडेनं कर्दळ आणि वाळा लावला.

"पाणी पाहुणा आहे, त्याला घटकाभर बसू द्यावं," नरहरराव म्हणायचे. पाणी यायचं, बसायचं, दुसऱ्या दिवशीपर्यंत जमिनीत उतरायचं. चतुराबाईचं घर कोरडं राहू लागलं. मला त्याचा भारी अभिमान होता.

नरहरराव गेले. मुलगा वरुण कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. त्या वर्षांत गल्लीत दारोदार गाड्या येत होत्या, तशी आमच्याकडेही आली.

"मम्मी, पार्किंगला जागाच नाही. हे बुजवून टाकू, मच्छर पण जातील."

त्याची आई, भारतीबाई, काही बोलल्या नाहीत. त्याचा मला अजून राग आहे.

बुजवायला बोलावलं कोणाला, तर चतुराबाईलाच! मातीची पहिली पाटी ओतताना ती थबकली.

"साब, बारिशचं पाणी कुठं जाईल आता?"

"बाहेर जाईल की. स्लोप देणार आहे ना."

बाहेर म्हणजे तिचं घर. पण हातचं काम सोडणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं पाटी ओतली. वर फरशी बसली, फरशीवर गाडी.

काल रात्री पाऊस कोसळला. आज सकाळी डोक्यावर अंथरुणाचं गाठोडं घेऊन चतुराबाई फाटकात उभी.

"घरात मांडीइतकं पाणी आहे अम्मा. घडीभर बसू?"

ती गाडीशेजारी बसली, नेमकी माझ्यावर. तिच्या साडीतून पाणी निथळत होतं नि खाली मी ठणठणीत कोरडा. जिनं मला खणलं, तिच्या पदराचं पाणीसुद्धा मला पिता येईना.

भारतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तेव्हाच बोलायला हवं होतं मी," म्हणाल्या आणि स्वतः पहार घेऊन आल्या.

"मम्मी, गाडी?"

"रस्त्यावर राहील."

आता चार फरश्या निघाल्यात. दोघी बायका माती उपसताहेत, वरुण किल्ली हातात धरून नुसता उभा आहे. आभाळ पुन्हा भरून आलंय. वरुण, बाळा, तूही एक पाटी उचल.